चांदी खरी आहे

(धुलाई-इस्त्रीचं दुकान, दुपारची वेळ. ताई काउंटरमागे चादरींच्या घड्या घालतेय. धाकटी बहीण ड्यूटी संपवून परिचारिकेच्या गणवेशातच आली आहे.)

धाकटी : चांदी खरी आहे, ताई. मघापासून तेच सांगतेय. खोटी निघाली असती तर बरं झालं असतं.

ताई : काहीतरीच काय बोलतेस! खोटी निघाली असती तर बरं?

धाकटी : हो. मग सरळ चोरी म्हणता आलं असतं. पोलिसात गेले असते. आता कुठे जाऊ? चांदी खरी, वजन खरं, पावतीसुद्धा खरी. लुटली गेले तेवढंच कुणाला दाखवता येत नाही.

ताई : नीट सांग बाई. आणि हे टोक धर चादरीचं, बोलता बोलता घडी होईल.

धाकटी : आण. काल सराफाकडे गेले होते, आमच्या हॉस्पिटलसमोरच्या. विकायला नाही हं, नुसता भाव विचारायला. भावोजी रोज मेसेज टाकतात ना, आज चांदी चढली, आज पुन्हा चढली. म्हटलं, बघू तरी आपली नाणी केवढ्याची झाली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पगारातून काही गुंतवलेलं. बाळाचं वजन करायला नेतात ना, तशी हौसेने नेली.

ताई : मग?

धाकटी : दात कोरत बसला होता तो. नाणं काट्यावर टाकलं, मशीनखाली धरलं, म्हणाला शुद्ध आहे. मी अशी फुगले! मग त्याने कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला. मी दिले त्याच्या निम्मेसुद्धा नव्हते. आणि वर म्हणतो, भाव चढलाय म्हणून एवढे तरी मिळतायत.

ताई : सराफांचं तसंच असतं गं. घेताना एक भाव, देताना एक.

धाकटी : मीही हेच म्हणाले. चक्क भांडले. तर त्याने काचेखालचं दुसरं नाणं काढून समोर ठेवलं. तेवढंच वजन, तेवढीच शुद्ध, फक्त चित्र नाही. आजचा भाव आणि वर घडणावळ म्हणून किरकोळ काहीतरी. म्हणाला, हे आत्ता घेऊन जा, याच किमतीत. मी म्हटलं, अहो, पण माझ्या नाण्यावर हंस आहे. मर्यादित आवृत्ती आहे, प्रमाणपत्र आहे सोबत. तर म्हणतो, बाई, भट्टीत घातल्यावर हंस कुठे उरतो?

ताई : हसला?

धाकटी : जांभई दिली. हसला असता तर परवडलं असतं. त्याच्यासाठी मी रोजचंच गिऱ्हाईक होते. निघाले तर म्हणाला, विकायला याल तेव्हा डबी आणू नका, आधीच फार झाल्यात. आणि खण उघडून दाखवला. खणभर निळ्या मखमली डब्या, ताई! अगदी माझ्या डबीसारख्या. लोक नाणी विकतात आणि डबी तिथेच टाकून जातात.

ताई : ...बाई गं.

धाकटी : वॉर्डात मी काय काय पुसते, काय काय उपसते, तुला माहीत आहे. ते करून हात धुते आणि डबा उघडून जेवते. पण तो खण बघवेना. बाहेर नळावर जाऊन तोंडावर पाणी मारलं.

ताई : हे बघ, त्यात यांचा काय दोष? किंमत कंपनी ठरवते. हे नुसते एजंट आहेत.

धाकटी : नुसते एजंट असते, तर मी मानलं असतं. पण कंपनीच्या त्या सभेत मला उभं कोणी केलं? 'आमच्या मेव्हणीबाई रुग्णसेवा करतात, त्यांनी पहिल्याच दिवशी संच घेतला,' असं कोण म्हणालं? आणि मी! मी माइक घेतला हातात. लाजले, घाम पुसला आणि म्हणाले, मला यातलं काही कळत नाही, पण माझा विश्वास आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ताई : सगळेच बोलतात सभेत.

धाकटी : सगळे गणवेशात बोलत नाहीत. भावोजींनीच सांगितलं होतं, ड्यूटीवरून तशाच या, घरी जाऊन कपडे बदलू नका, उशीर होईल. मला वाटलं, किती काळजी करतात माझ्या वेळेची.

ताई : घडी चुकली. पुन्हा धर.

धाकटी : आमच्या वॉर्डातल्या आयामावशी आल्या होत्या त्या सभेला. मीच बोलावलं होतं. नवरा गेल्यावर कारखान्याकडून त्यांना काही मिळालं होतं, त्याला इतकी वर्षं हात लावला नव्हता बाईने. चप्पल तुटली तरी सुतळीने बांधून यायच्या. ते सगळं त्यांनी हंसांत घातलं. आणि आज सकाळी बेडपॅन धुताना मला विचारतात, सिस्टर, आपले पक्षी कसे आहेत?

ताई : तू काय सांगितलंस?

धाकटी : बरे आहेत म्हटलं. दुसरं काय सांगणार होते? ताई, एक विचारू? तुझ्याकडे किती आहेत?

ताई : काय?

धाकटी : नाणी. तुमच्या घरात किती आहेत?

ताई : आमच्याकडे... नाहीत.

धाकटी : एकसुद्धा नाही?

ताई : मी म्हटलं होतं यांना, आपणही एखादा संच घेऊन ठेवू. तर म्हणाले, आपण नको. आपल्याला परवडायचं नाही.

धाकटी : आणि मावशींना परवडतं.

ताई : असं तोडून नको ना बोलूस.

धाकटी : कसं बोलू मग? तूच सांग. मिठाईवाला स्वतःच्या पोरांना स्वतःच्या दुकानातलं खाऊ देत नसेल तर त्याला आपण काय म्हणतो?

भावोजी : अरे वा, वा! कोण आलंय हे! मेव्हणीबाई, शंभर वर्षं आयुष्य तुम्हाला. आत्ता रिक्षात तुमचीच आठवण काढत होतो. हत्तीच्या नाण्यांची मालिका येतेय पुढच्या महिन्यात. हंसांपेक्षा मोठी. पहिलं नाव तुमचं टाकतो, काय?

ताई : अहो, थांबा जरा.

भावोजी : का? चहा झाला की नाही? दोघींचे चेहरे असे का?

धाकटी : भावोजी, मी सराफाकडे गेले होते.

भावोजी : अरेरे. कशाला गेलात? विकायला?

धाकटी : विचारायला.

भावोजी : तिथेच चुकलं. अहो, सराफाला काय कळतं? तो धातू तोलतो. आपण कला घेतोय, दुर्मीळपणा घेतोय. हे कलेक्टर लोकांचं क्षेत्र आहे. लाँग टर्म बघायचं. रोप लावल्यावर रोज उपटून मुळं बघतो का आपण?

धाकटी : कोण आहेत हे कलेक्टर? एकाचं नाव सांगा. मावशींची नाणी त्याला नेऊन देते.

भावोजी : असं नावबिव नसतं हो. मार्केट असतं.

धाकटी : मग कंपनी परत घेते का? सभेत म्हणाला होतात, कधीही परत.

भावोजी : कधीही म्हणजे योग्य वेळी. अटी आहेत त्याच्या. पावतीच्या मागे सगळं लिहिलंय, मी काही लपवलेलं नाही.

धाकटी : बारीक अक्षरात लिहिलंय. मावशींना मोठं अक्षरसुद्धा वाचता येत नाही. सहीच्या जागी अंगठा तुम्हीच धरून उठवलात.

भावोजी : पाहा, तुम्ही फार निगेटिव्ह झालाय. दमलेल्या दिसताय. तुमच्यासाठी एक गोष्ट ठेवलीय, सांगणारच होतो. तुमच्या वॉर्डातून जी माणसं आली ना, त्यावर तुमचाही हिस्सा निघतो. दोन नाणी बाजूला काढून ठेवलीत. घरचीच लक्ष्मी, तुम्हाला कशी विसरेन?

धाकटी : माझा हिस्सा?

भावोजी : हक्काचा आहे. कष्ट केलेत तुम्ही.

धाकटी : ताई, ऐकलंस? मावशींना कापून झाल्यावर त्यातला एक तुकडा माझ्यासाठी झाकून ठेवलाय यांनी. भावोजी, तुम्ही जरा लांब उभे राहा. खरंच सांगतेय. मला वास सहन होत नाहीये.

भावोजी : हे अति होतंय हं! हिला काही सांगणार आहेस का तू? मोठी बहीण ना तू तिची?

ताई : ती काय चुकीचं बोलतेय?

भावोजी : घ्या! आता तूही? तुमच्या बाबांना विचारा जाऊन. त्या म्हाताऱ्या माणसाला जे कळलं ते तुम्हा दोघींना कळत नाही. त्यांनी एका शब्दात हो म्हटलं.

ताई : बाबांनी? कशाला हो म्हटलं?

भावोजी : हत्तीच्या संचाला. नुसतं सांगितलं, तुमच्या धाकटीने घेतलंय. म्हणाले, पोरीने घेतलं असेल तर विचार करूनच घेतलं असेल.

धाकटी : माझं नाव सांगितलंत? बाबांना?

ताई : बाबांकडे कधी गेला होतात तुम्ही?

भावोजी : रविवारी. तू दुकानात होतीस. त्यांनी चेकसुद्धा दिला लगेच. पेन्शनचं नुसतं पडूनच होतं बँकेत.

ताई : चेक भरलात?

भावोजी : नाही अजून, उद्या जाईन. बॅगेतच आहे.

ताई : बॅग द्या इकडे.

भावोजी : अगं, त्यात ऑफिसचे कागद आहेत...

ताई : ऑफिसचं मला काही नको. द्या म्हणते ना!

भावोजी : ओढू नकोस! गिऱ्हाईक बघतंय रस्त्यावरून. अगं... अगं, फाडू नकोस, वेडी आहेस का?

ताई : फाडला. थांबा, अजून बारीक करते. तुमच्या अक्षरांइतका बारीक. धाकटे, बाबांना फोन लाव. म्हणावं, जावई पुन्हा आले तर चहा द्या, चेक देऊ नका. पेन सापडत नाही म्हणून सांगा, काय वाटेल ते सांगा.

भावोजी : छान. फार छान. मी कोणासाठी करतो हे? हे ड्रायर कुठून आलं सांग तुझ्या बहिणीला. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत म्हणून रडत होतीस ना? त्या हंसांनीच आणलंय ते.

धाकटी : हे? ताई, हे मागचं?

ताई : हो.

धाकटी : आणि मघापासून यातलीच चादर धरून उभी आहे मी.

ताई : खाली टाक. मागे बटण आहे त्याचं, बंद कर. उद्या विकायला काढते ते.

भावोजी : विकशील आणि कपडे कशात वाळवशील?

ताई : दोरीवर.

भावोजी : तुम्ही दोघी बहिणी मिळून मला चोर ठरवताय. ठीक आहे. मी जेवायला बाहेर जातो. डोकं थंड झालं की फोन कर.

ताई : शटर अर्धं खाली ओढून जा. गिऱ्हाईक नको आत्ता.

धाकटी : गेले?

ताई : गेले. कोपऱ्यावर थांबून कुणाला तरी फोन लावतायत. हत्ती विकत असतील.

धाकटी : तुला माहीत होतं, ताई. ड्रायर कुठून आलं ते.

ताई : बोनस मिळाला म्हणाले. कसला, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर दारातूनच परत पाठवावं लागलं असतं. आणि पाऊस होता.

धाकटी : मला आत्ता तुझीसुद्धा किळस येतेय.

ताई : येऊ दे. पण लगेच जाऊ नकोस.

धाकटी : जात नाहीये. कुठे बसू?

ताई : स्टुलावर बस. हे बघ, मशीनचे जे काय येतील त्यातून आधी मावशींचं नुकसान भरून काढायचं. पुरं पडणार नाही, ते मला दिसतंय. उरलेलं हळूहळू देऊ. तुझं त्यानंतर. चालेल?

धाकटी : माझं राहू दे. मी शिकले, तेवढे पैसे फीचे समज. ताई, पण मावशींना हे सांगायचं कसं? त्या माझ्याकडे बघून हसतात गं. उद्या पुन्हा विचारतील, पक्षी कसे आहेत.

ताई : त्यांची ड्यूटी कधी असते?

धाकटी : सकाळची. का?

ताई : मी येते तुझ्याबरोबर. तू काही बोलू नकोस, मी सांगते.

धाकटी : आणि तुझी ओळख काय करून देऊ? सभेत भावोजींशेजारी तू कधी बसली नाहीस, त्या तुला ओळखत नाहीत.

ताई : तू नुसतं बहीण म्हण. बायको कुणाची आहे, ते मी माझ्या तोंडाने सांगेन.