चमचाभर औषध

रामनगरच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर नणंद-भावजय बसल्या होत्या.

“वैनी, पिशवीतली बाटली कसली?”

“आप्पांच्या तोंडातल्या कॅन्सरचं औषध. बेळगावच्या डाक्टरनी दिलंय.”

“त्यानं गाठ जाणार हाय?”

“गाठ न्हाई जायची, वन्सं. कळ तेवढी थांबती.”

“कळ थांबती का माणूस? शेजारीण मला म्हणाली, तुमची वैनी सासऱ्याला औषध पाजती. आपल्यात औषध पाजलं म्हंजे काय, तुला ठावं हाय.”

“पिकावर मारायचं औषध. ठावं हाय की. आप्पांनाबी तेच वाटलं. चमचा बघून तोंड मिटून बसले.”

“मग जबरदस्तीनं वतलंस?”

“न्हाई. आदी मी पिऊन दावते म्हणून चमचा माझ्या तोंडाला लावला. त्यांनी माझा हात धरला, चमचा काढून घेतला अन् स्वताच पिऊन टाकला.”

“म्हंजे तुझ्यावर इश्वास बसला म्हण.”

“रातभर गाढ निजले. सकाळी जाग आली तवा आढ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, ‘अजून जित्ताच हाय व्हय मी?’ म्हणाले अन् रुसून भिंतीकडं तोंड केलं.”