अंदाजे विमान

नळाचा वायसर घ्यायला आलेला प्लंबर हार्डवेअरच्या दुकानात खोळंबला होता. पुढे एक नवरा-बायको काउंटर अडवून वाद घालत होते.

"ग्रॅम-ग्रॅम मोजणारा काटा हवाय."

"कशाला? घरात माप आहे की."

"अगं, फायबरग्लासवर रेझिन लावायचं, तर त्यात ते घट्ट करणारं हार्डनर अगदी मोजून घालावं लागतं."

"अंदाजाने घाला. माझं मीठ चुकलंय कधी?"

"विमान आहे ते, भाजी नाही!"

"विमान कसलं डोंबलाचं! हॉलमध्ये नुसता एक पंख लोळतोय. त्याच्यापायी माझी कात्री गेली, उलथनं गेलं, हेअर ड्रायरही गेला. आता काटा!"

"हार्डनर कमी पडलं तर पंख कच्चा राहील ना."

"राहू दे की. उडणार तुम्ही, माझं काय जातंय?"

"असं कसं? दोन सीटचं आहे ते."

"दुसरी कुणाची?"

"तुझी. सरप्राइज देणार होतो."

बाई झटकन काउंटरकडे वळली. तेवढ्यात संधी साधून प्लंबरने वायसर मागायला हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला.

"भाऊ, असले काटे दोन द्या. एकाने थाप मारली, तर दुसरा चुगली करेल!"