माशाची उजवी बाजू

प्राण्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक नवरा-बायको बसले होते. तिच्या एका हाताला प्लास्टर, मांडीवर बरणी. बरणीत गोल्डफिश, त्याच्या डाव्या अंगाचे दोन-तीन खवले निघालेले.

"माशाला मलम लावतं का हो कुणी?"

"जखम होती, म्हणून लावलं."

"अहो, तो पाण्यात राहतो! सगळ्या टाकीवर तवंग आला."

"मग काय फुंकर घालत बसू?"

"पाणी थोडं थोडं बदलायचं, मापानं मीठ टाकायचं. लेकीनं जाताना कागदावर लिहून ठेवलंय. आणि टाकीत ठेवायला तो किल्ला कशाला आणलात? कडा बघितल्यात त्याच्या?"

"टाकी भकास दिसत होती."

"ती हॉस्टेलवर गेल्यापासून तुम्हाला सगळंच भकास दिसतंय. त्याची शिक्षा माशाला?"

"हळू बोल. सात वाजता तिचा फोन येईल, तेव्हा माशाची उजवी बाजू दाखवू."

"अजिबात नाही! माझा हात मोडला तेव्हापासून तुम्ही फोन असाच वळवून धरताय. तिला अजून पत्ता नाही."

"परीक्षा आहे तिची."

"आज फोन मी धरणार. आधी मासा दाखवीन, मग हात."