पाणी इकडे, उजेड तिकडे

भाची : मी उठणार नाही, मामा. त्यांना सांग, टेबलासकट भिंतीत चिणून टाका मला.

गवंडी : साहेब, विटा अजून गाडीतच आहेत. तुमचं घरचं भांडण मिटू द्या, मी बाहेर बसतो.

मामा : हे घरचं भांडण नाही. मी या शाळेचा अध्यक्ष आहे आणि या बाई इथे विज्ञान शिकवतात. तुम्ही दोरी लावा.

भाची : बघा, चिडला की लगेच ‘या बाई’ होते मी.

मामा : ठकू, शाळेत मला मामा म्हणायचं नाही असं ठरलं होतं आपलं.

भाची : शाळेत मुलामुलींच्या मध्ये भिंत घालायची नाही, असंही ठरलं होतं. आजीने ठरवलं होतं.

मामा : आईने काही ठरवलंबिरवलं नव्हतं. वर्धापनदिनाला लोक भाषणं ठोकतात, समतेचं बीज पेरलं आणि काय काय. खरं सांगू? आईकडे सायकल एक होती. मुलांची शाळा टेकडीच्या बाजूला, मुलींची नदीपलीकडे. मला तिकडे सोडून तुझ्या आईला इकडे सोडेपर्यंत तिला दवाखान्यात कामावर जायला रोज उशीर. एक दिवस वैतागली आणि शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत दोघांनाही बसवलं. शेजारच्यांनी आपापली पोरं आणून सोडली. झाली शाळा.

भाची : मला तर हेच जास्त आवडतं. दोन पोरं, दोन दिशा, एक सायकल. उत्तर एकच निघतं.

मामा : तेव्हा निघत होतं. आता घरटी दोन गाड्या आहेत. नव्या वसाहतीतल्या शाळेत मुलांची इमारत वेगळी, मुलींची वेगळी. आपल्याकडे सातवी झाली की पालक दाखले मागायला येतात. सरकारचं अनुदान आपण कधी घेतलं नाही, ही शाळा पालकांनीच उभी केली आणि पालकांच्याच जिवावर चालते. पोरं गेली की कुलूप. मग शिकव बाकांना.

भाची : का नेतात, ते विचारलंस?

मामा : विचारलं. म्हणतात, मुली मोठ्या झाल्या, काळजी वाटते. आता काय म्हणू त्यांना, तुमची काळजी खोटी आहे? म्हणून आठवी ते दहावी वेगळं बसवायचं, एवढंच. वर्गांना खोल्या आहेत. प्रयोगशाळा एकच आहे, म्हणून ही भिंत. संध्याकाळी पालकसभा आहे. तोवर निदान चार थर तरी दिसायला हवेत.

भाची : बरं. भिंत येणार कुठून?

गवंडी : मधोमध, बाई. दारापासून थेट फळ्यापर्यंत. दाराची दोन दारं करू.

भाची : म्हणजे बेसिन या बाजूला आणि खिडक्या त्या बाजूला.

गवंडी : अगदी बरोबर. आणि बेसिन हलवा म्हणू नका. पाइप इतका जुना आहे की हात लावला तर हातात येईल.

भाची : मामा, मुली कुठल्या बाजूला?

मामा : मुली... बेसिनकडे.

भाची : का? बीकर घासायला?

मामा : जीभ आवर. बरं, मुली खिडकीकडे.

भाची : मग मुलग्यांना उजेड नाही. आपले मायक्रोस्कोप आरशावर चालतात, खिडकीचा उजेड पडला तरच दिसतं. मुलग्यांनी कांद्याची साल पुस्तकात बघायची आणि मुलींनी कोरडी ठणठणीत.

मामा : आळीपाळीने बसवू. एक आठवडा हे इकडे, एक आठवडा त्या.

भाची : एकाच तासात दोन्ही लागतं रे. साल पाण्यातून काढायची, काचपट्टीवर पसरायची, उजेडात बघायची, चुकली की पट्टी धुवायची, पुन्हा सुरुवात.

मामा : तुझं हे सगळं बोलण्यातलं आहे.

भाची : मग करूनच बघू. आत्ता आठवीचा तास आहे. यांची दोरी म्हणजे भिंत. मुली खिडकीकडे, मुलगे बेसिनकडे, ओलांडायचं कुणीच नाही. तास नीट पार पडला तर मी स्वतः विटा उचलून देईन.

मामा : आणि मुलींना पाणी?

भाची : अध्यक्ष देतील.

मामा : देईन की. माझ्या हाताला काय मेंदी लागली आहे?

(दोरी बांधली जाते. आठवीची मुलं दोन बाजूंना बसतात, तास सुरू होतो.)

मामा : आलो, आलो! एका वेळी तीन बीकर कसे आणू? ए, पाय आत घे, भिंत आहे तिथे! तुला काय हवंय? ही पट्टी? हिचं मी काय करू?

भाची : त्याला तिकडे सगळं काळं दिसतंय. खिडकीपाशी नेऊन द्या, अध्यक्ष.

मामा : घे गं बाळ. त्याची आहे. बघ आणि सांग. काय? बरं. अरे, ती म्हणते, साल दुमडली आहे. हं? तो विचारतो, सरळ कशी करायची? ती म्हणते, सुईने. तो म्हणतो, कुठल्या? अगं, तूच सांग ना त्याला! मी काय टपाल खातं आहे?

भाची : मध्ये भिंत आहे, मामा. आवाज जाणार नाही.

मामा : ...तो विचारतोय, कुठल्या सुईने.

गवंडी : साहेब, घंटा झाली. पोरं गेलीसुद्धा. बसा आता, सदरा ओलाचिंब झालाय.

मामा : बसतो.

गवंडी : मीपण डोकावलो हो त्या यंत्रात. कांद्यात काय बांधकाम आहे! सांध्यावर सांधा कुठे येऊ दिलेला नाही.

भाची : मामा, पाणी देऊ?

मामा : पाण्याचं नाव काढू नकोस. किती जणांचं झालं?

भाची : निम्म्यांचंही नाही.

मामा : ते दिसलं मला. पण ती खिडकीजवळची, चष्मेवाली. तिच्या वडिलांनी सगळ्यांत आधी दाखला मागितलाय. त्या मुलाचं कुठे चुकलं ते तिला बघताक्षणी कळलं. पण ती ते त्याला सांगू शकत नव्हती. मला सांगत होती. मला! ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

भाची : मग?

मामा : मग काय? ओ मिस्त्री, विटा उतरवू नका. दोरी सोडा.

भाची : सभेत काय सांगशील?

मामा : सांगेन, काळजी वाटते ना, मग या. लांबून करू नका. दाखला हवा त्याने आधी या खोलीत एक तास आपल्या पोरांना बघायचं. मध्ये दोरी नसताना.

भाची : येतील?

मामा : नाही आले तर मी घरी जाऊन आणीन एकेकाला.

भाची : आणि येऊन, बघून, तरीही मुलं काढली तर?

मामा : तर जी उरतील त्यांना शिकव. हो बाजूला, नववी दारात उभी आहे.