तिसावी जोडी

गडाखालच्या थांब्यावर सरहद्दीच्या गाडीसाठी रांग होती. माझ्यापुढे गड दाखवणाऱ्या दोघीजणी, थोरली व्लास्ता आणि नवखी राड्का.

"व्लास्ताताई, मी परत वर जाते. आत कुणीतरी कोंडलं गेलंय."

"कशावरून गं?"

"फरशी खराब होऊ नये म्हणून पाहुण्यांना बुटांवर चढवायला देतो त्या लोकरी सपाता मोजल्या. पेटीत तीस जोड्या हव्यात, एकोणतीसच आहेत."

"माणसं नाही मोजलीस?"

"शेवटची ती पोलिश मंडळी दारातूनच आपल्या गाडीकडे पळाली. मग मी बुरूज पाहिला, तळघरात हाका मारल्या."

"जुन्या लढाईत स्वीडनची फौज गडाखाली महिनाभर तळ ठोकूनही आत शिरली नाही, आणि तुझा पाहुणा आत मुक्कामालाच राहिला!"

"चेष्टा नको, ताई. गारठून मरेल हो बिचारा!"

"आपणही सपाता घालायच्या, हा किल्लेदाराचा हुकूम कधीपासून?"

"आजपासून. का?"

"जरा खाली बघ."

रांगेतल्या सगळ्यांनीच खाली पाहिलं.

"अगं बाई! म्हणजे आत कुणीच नाही?"

"तुझा कैदी स्वतःच्या पायांनी गड उतरून आलाय."

"सुटले मी! थांबा, काढते या."

"राहू देत. गाडीची फरशी तेवढीच पुसून निघेल."