तिरुचीकडचे ढग

तंजावरच्या एसटीडी बूथच्या रांगेत माझ्यापुढे एक वयस्कर नवरा-बायको होते. नवऱ्यानं कानाला ट्रान्झिस्टर लावला होता.

"गाणं नाही, बातम्या नाहीत, नुसती खरखर. काय ऐकताय?" बायकोनं विचारलं.

"खरखरच ऐकतोय. वीज चमकली की रेडिओ खरखरतो. कुठंतरी वळीव उठलाय."

"म्हणून धाकट्या भावाला फोन?"

"वळीव तिरुचीकडूनच येतो. रघुराम गच्चीवर चढून आभाळ बघतो नि मला सांगतो."

"घराच्या वाटणीपासून तुम्ही बोलत नाही ना त्याच्याशी?"

"बोलत नाहीच. ढग तेवढे विचारतो."

नवरा एकटाच आत गेला आणि लगेच बाहेर आला.

"काय म्हणाला?"

"पश्चिम काळी झालीय, वारा पडलाय. दिवेलागणीला इथं कोसळणार. मी सकाळीच म्हटलं होतं."

"आणि गुडघा कसाय?"

"कुणाचा?"

"रघुरामचा. सुजलाय. त्याची बायको विनुता म्हणत होती, जिना चढताना त्याच्या डोळ्यांत पाणी येतं."

"मला नाही बोलला."

"तुम्ही ढग विचारलेत. तो बिचारा चढला."

आता रांगेत नंबर माझा होता. मी बाजूला झालो. ते परत आत गेले, दार मात्र उघडंच राहिलं.

"रघुराम, मीच. उद्या गच्चीवर चढू नको. नाही रे, ढग हवेतच मला. मी येऊन बघतो."

बाहेर बायको पदरानं वारा घेत उभी होती.

"ढग बघायला तिरुचीपर्यंत जाणार?"

"वळीव तिकडूनच येतो ना."

"मग मीही येते. तुम्ही दोघं वर बघत बसाल, गुडघा कुणी बघायचा?"