गुलाबी नखाचा फोटो

मी : बाबा, खरं सांगा, तुम्ही नखांना गुलाबी रंग कधीपासून लावायला लागलात?

बाबा : काय?

मी : मैत्रिणींनी पैज लावलीय. हिंमत असेल तर घरी जाऊन विचार म्हणाल्या. विचारलं!

आई : आधी हातपाय धू. दारात पाऊल नाही तर हिची टकळी सुरू.

मी : हा बघ ना फोटो! बाबा रोज सकाळी बोट टोचून शुगर मोजतात, फोटो काढतात, तो फोनवरून डॉक्टरबाईंना जातो. कालचा आकडा एकशे चार. मी ऐटीत दाखवत होते, माझ्या बाबांना हे सगळं मी शिकवलंय म्हणून. तर त्यांच्यातली चष्मिश म्हणते, तुझे बाबा क्रेन चालवतात ना गं? मग शुगरच्या यंत्राशेजारी हे रंगवलेलं नख कोणाचं?

आई : उजेडामुळे दिसत असेल तसं.

मी : आई, हात दाखव. मागे का लपवतेस?

(आई हळूच हात पुढे करते. गॅसवरच्या पातेल्याचं झाकण खडखडतं.)

बाबा : तिला काही बोलू नकोस. मीच म्हणालो, तुझं बोट दे.

मी : किती दिवस चाललंय?

आई : तीन आठवडे.

मी : तीन आठवडे आईची शुगर तुमच्या नावावर?

बाबा : पुढच्या महिन्यात कंपनीची तपासणी आहे. फोनमधले आकडेही बघतात. वाढलेले दिसले की क्रेनवरून उतर खाली! बावीस वर्षं वर बसलोय मी. आता गेटवर शिट्ट्या वाजवू?

मी : आणि डॉक्टरबाईंनी परवा तुमची गोळी कमी केली, ती कोणाची शुगर बघून?

आई : मला वाटलं, दोन-चार दिवसांचं काम. पण बाई 'शाब्बास' लिहून पाठवायच्या आणि यांचा चेहरा असा खुलायचा...

मी : काल जिन्यात पायरी चुकली तुमची. डोळ्यांपुढे अंधुक झालं म्हणालात. वर केबिनमध्ये तसं झालं तर? खाली माणसं असतात, बाबा.

बाबा : खाली कोण असतं ते मला शिकवू नकोस!

मी : बोट द्या.

बाबा : आत्ता? आत्ताच चहा झालाय माझा.

मी : द्या.

आई : द्या हो. माझी बोटं चाळण झालीत.

बाबा : हं. घे. ...किती?

मी : तीनशे बारा.

बाबा : चहाचं आहे ते. पुसून टाक.

आई : तीनशे बारा? अगं, बिनसाखरेचा होता चहा.

बाबा : बाळ, एवढा महिना जाऊ दे. मग तू म्हणशील तसं.

मी : नाही बाबा. मी ठरवलंय. उद्या तुम्ही क्रेनवर चढायचं नाही, आपण तिघं बाईंकडे जायचं. आणि यापुढे रोज सकाळी शाळेआधी बोट मी टोचणार, फोटो मी पाठवणार. आत्ताचा गेलासुद्धा. खाली लिहिलंय, 'या वेळचं बोट बाबांचं आहे.'